टाकीतलं तीर्थ

अप्पांनी तीन दिवस तोंडात अन्नाचा कण घेतला नव्हता. वय एक्क्याण्णव. ताप नव्हता, पोट दुखत नव्हतं, दातांचा प्रश्न तर केव्हाच मिटला होता. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आई गोविंदपुरमला उभी आहे आणि तिला घरी आणल्याशिवाय आपण जेवणार नाही.

आईला जाऊन सहा वर्षं झाली होती.

मी हे त्यांना एकदा सांगितलं. त्यांचा चेहरा असा काही झाला की पुन्हा सांगायची माझी छाती झाली नाही. आणि सांगूनही उपयोग झाला नाहीच. दहा मिनिटांनी त्यांनी मला पुन्हा हाक मारली. "तीस आणाय जाव कीं. भजन सुटलं असेल. उभी असेल ती."

पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या कुंभकोणमच्या आमच्या घरांत अजून असंच मराठी बोलतात. पुण्याकडच्या पाहुण्यांना ते ऐकून मजा वाटते, कुणाचे तरी पणजोबा बोलतायत असं वाटतं म्हणे. मी आयुष्यभर इथल्या शाळेत तमिळमधून गणित शिकवलं आणि पुस्तकं मागवून हे लिहायचं मराठी शिकलो. त्या दिवसांत मात्र मला कुठल्याच भाषेत काही सुचत नव्हतं.

आई उभी होती, हे खरंच घडलं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या दिवशी. सकाळी ती गल्लीतल्या बायकांबरोबर बसने गोविंदपुरमला विठ्ठलाच्या भजनाला गेली. संध्याकाळी अप्पा गाडी घेऊन तिला आणायला जाणार होते. गाडी आमच्या गल्लीच्या टोकालाच बंद पडली. आई दिवे लागेपर्यंत देवळाच्या दारात उभी राहिली आणि शेवटी खच्चून भरलेल्या बसने घरी आली. तिने चप्पल काढली, पाय धुतले, भात टाकला. भांडण झालं नाही. पण त्यानंतर "मला न्या" असं ती अप्पांना कधी म्हणाली नाही. अप्पांनीही गाडी ढकलत आणून परसातल्या पत्र्याखाली लावली ती लावलीच. दुरुस्त केली नाही आणि विकलीही नाही. या गोष्टीचा मला त्यांच्यावर सव्वीस वर्षं राग होता. एवढा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. आरशात पाहिला असेल, ते सोडा.

पहिल्या दिवशी मी टॅक्सी बोलावली. म्हटलं, जाऊन येऊ, देऊळ पाहतील, शांत होतील. अप्पांना खुर्चीत बसवून बाहेर आणलं. त्यांनी टॅक्सीत डोकावून पाहिलं आणि दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. "ही नक्को. हींत ती बैसायची नाहीं. आपली गाडी काढ." त्यांचे हात सोडवताना मला जोर लावावा लागला. त्या हातांत एवढं बळ कुठून आलं, देव जाणे.

डॉक्टर म्हणाले, हॉस्पिटलात न्या, नाकातून नळी घालू. मी म्हणालो, दोन दिवस द्या. मग नर्सबाई सकाळ-संध्याकाळ घरी येऊन सलाईन लावू लागल्या आणि मी गाडीच्या मागे लागलो.

गोल पाठीची, गडद हिरवी, चार दारांची विलायती गाडी होती ती. अप्पांनी ती एका निवृत्त होणाऱ्या साहेबाकडून घेतली होती, माझ्या जन्माच्याही आधी. एकदा आईचं नऊवारी रेशीम दारात अडकून टरकन फाटलं, तेव्हापासून अप्पा निघण्याआधी मान न वळवता विचारायचे, "पदर आंत घेतला कीं?" आता त्याच गाडीची चारही चाकं हवा जाऊन रिमपर्यंत बसली होती. बॉनेटखाली मांजर व्यालं होतं. मागच्या सीटचा काथ्या उंदरांनी वाटून घेतला होता.

बसस्टँडच्या मागे राहणारा म्हातारा मेकॅनिक आला. सत्तरी ओलांडलेला, तमिळ बोलणारा, हाताची बोटं कायमची काळी. त्याने गाडी पाहिली आणि माझ्याकडे वळला. "सार, ती बंद पडली त्या दिवशी मीच आलो होतो. तुमच्या वडिलांनी मला बॉनेटला हात लावू दिला नाही. जा म्हणाले."

"का?"

"मला काय माहीत? तुमचे वडील."

माझं डोकं सणकलं. पाच मिनिटांचं काम होतं कदाचित, आणि या माणसाने मेकॅनिकला दारातून परत पाठवलं होतं. आत जाऊन त्यांना खडसवावंसं वाटलं. पण आत तो माणूस हाताला सुई लावून छताकडे बघत पडला होता.

इंजिन आतून जाम झालं होतं. मेकॅनिकने प्लगच्या भोकांतून तेल सोडलं आणि म्हणाला, उद्यापर्यंत मुरू दे. दुसऱ्या दिवशी पुढून लोखंडी हँडल घालून आम्ही दोघांनी जोर लावला. माझं वय त्रेसष्ट, त्याचं त्याहून जास्त. तिसऱ्या प्रयत्नाला ते बोटभर हललं. मी आनंदाने ओरडलो आणि तोच आवाज ऐकून आतून अप्पांची हाक आली, "निघालास?"

नवी बॅटरी आणली, टायर-ट्यूब घातल्या, इग्निशनचे पॉइंट घासले. ठिणगी आली. कार्बोरेटरमध्ये चमचाभर पेट्रोल ओतलं की गाडी दोनदा फुरफुरायची आणि गप्प व्हायची. मेकॅनिकने टाकीखालचा बोल्ट सैल केला. खाली धरलेल्या बादलीत चहाच्या रंगाचं काहीतरी पडायला लागलं. त्याने ते बोटांवर चोळलं, हुंगलं.

"पाणी आहे, सार. पेट्रोल नाहीच. निव्वळ पाणी आणि गंज."

"पावसाचं?"

"झाकण तर घट्ट आहे."

माझी बायको ताकाचा पेला घेऊन दारात उभी होती. ती अगदी सहज म्हणाली, "तें तीर्थ. दरवर्षीं घालतों कीं आम्ही."

मला आधी कळलंच नाही. मग तिने नीट सांगितलं. आयुधपूजेला घरातल्या सगळ्या हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. विळी, शिलाईयंत्र, माझी स्कूटर, सगळ्यांना गंध-कुंकू लागतं. पूजा झाली की सगळ्यांना तीर्थ मिळतं. आईचा हिशेब सरळ होता. ज्याची पूजा केली त्याला तीर्थ द्यायचं, आणि तीर्थ तोंडातच घालायचं असतं. गाडीचं तोंड कुठलं? जिथून ती पिते ते. म्हणून दरवर्षी एक पळी कावेरीचं पाणी पेट्रोलच्या टाकीत.

"आणि त्या वर्षीं," बायको म्हणाली, "गाडी खोकत होती म्हणून आईंनी अख्खं फुलपात्र घातलं होतं. मज त्यांनीच सांगितलं. पुढें बंद पडली, तरी त्या घालीत होत्या. कधीं तरी गुण येईल म्हणून. आईंच्या मागें मी घालतें."

आयुधपूजा नवमीला. दुसऱ्या दिवशी दसरा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बायकोला नको नको ते बोललो. अडाणी म्हणालो. आईलाही म्हणालो, जी उत्तर द्यायला नव्हती. बायको रडली नाही. "मजही गाडी चालाय पाहिजे होती," एवढंच म्हणाली आणि पेला ठेवून आत गेली. मला माझीच लाज वाटली, पण माफी मागायलाही वेळ नव्हता.

टाकी धुतली, नवं पेट्रोल भरलं, गाडी सुरू झाली. मिनिटभर. मग गंजाचे पापुद्रे नळीत अडकून बंद. कार्बोरेटर उघडला, फुंकला, बसवला. पुन्हा मिनिटभर. असं चार वेळा झालं. मेकॅनिकने हात पुसले. टाकी उतरवून, कापून, आतून घासून, पुन्हा जोडावी लागेल, म्हणाला. आठ दिवस.

त्याच सकाळी नर्सबाईंना अप्पांची शीर सापडली नव्हती. तीन ठिकाणी टोचून त्यांनी चौथ्या जागी कशीबशी सुई बसवली होती. उद्या नाही सापडली तर हॉस्पिटल, असं त्या बजावून गेल्या होत्या. अप्पांना हॉस्पिटलात हात बांधून ठेवतील हे मला दिसत होतं. आणि ते तिथे बांधलेल्या हातांनी आईला आणायला निघत राहतील, हेही. आठ दिवस कुणाकडे होते? मी परसातल्या पायरीवर बसलो आणि रडलो. कुणी पाहिलं त्याची पर्वा केली नाही.

मेकॅनिकने ओसरीकडे बोट केलं. तिथे खिळ्याला अप्पांच्या रिकाम्या झालेल्या सलाईनच्या बाटल्या लटकत होत्या, नळ्यांसकट.

"सार, त्या द्या."

त्याने टाकीकडून येणारी नळी काढून टाकली. दोन नळ्या जोडून एक लांब केली, एक टोक कार्बोरेटरला लावलं, दुसरं बाटलीला. बाटलीत पेट्रोल भरलं, वाटेत पुन्हा भरायला एक डबा सोबत घेतला. "ही कुणीतरी उंच धरायची," तो म्हणाला. "खाली आली की गाडी मेली."

गाडी सुरू झाली आणि सुरूच राहिली. त्याच दुपारी आम्ही निघालो. अप्पांना खुर्चीतून उचलून आणलं. त्यांनी दाराच्या मुठीवरून हात फिरवला आणि स्वतःहून आत बसले, पुढे. मेकॅनिक चालवायला. मी अप्पांच्या मागच्या सीटवर, डावा हात खिडकीबाहेर काढून छपराच्या वर बाटली धरून. ब्रेक नावालाच होते, त्यामुळे सायकली आमच्या पुढे जात होत्या. कागदपत्रांबद्दल कुणी विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो, कोण जाणे. तिरुविडैमरुदूरपर्यंत हाताला मुंग्या आल्या, पुढे तो माझा आहे की नाही हेही कळेना.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की गाडी सुरू करण्यापलीकडे मी काहीही ठरवलेलं नव्हतं. गोविंदपुरमला जाऊन दाखवणार काय होतो? तिथे कुणी नव्हतं. दारात कुणी नाही हे पाहून या माणसाचं काय होईल, याचा विचार गणिताच्या मास्तराला दहा किलोमीटर उशिरा सुचला. परत फिरा म्हणावं असं वाटलं. पण तोवर देवळाचा कळस दिसायला लागला होता.

देवळासमोर मेकॅनिकने गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. "लवकर, सार. बाटली पुन्हा अर्धी झाली."

फुलं विकणारी एक बाई, चपलांचा ढीग, दोन म्हातारे. अप्पा देवळाच्या दाराकडे बघत राहिले. मग ते म्हणाले, "आली. दार उघड."

मी बाटली तशीच वर धरून उजव्या हाताने पलीकडचं दार उघडलं.

"तूं सरक. तीस जागा दे."

मी सरकलो. उघड्या दारातून फुलवाली माझ्याकडे बघत होती.

"बैसली?"

"बैसली, अप्पा."

"पदर आंत घेतला कीं?"

उंदरांनी कुरतडलेल्या त्या सीटकडे मी पाहिलं. "घेतला," म्हणालो, आणि दार ओढून घेतलं.

बायकोने ताकाची बाटली दिली होती. माझा एक हात वर अडकलेला, दुसरा पुढे पोहोचेना, म्हणून एक पाय अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवून मेकॅनिकनेच ती अप्पांच्या ओठांना लावली. एक घोट. मग दुसरा. मग त्यांनी बाटली स्वतः धरली.

परतीच्या वाटेवर मला राहवलं नाही. सव्वीस वर्षं या माणसाने स्वतःला दोष दिला होता, आणि मीही दिला होता. निदान तेवढं ओझं तरी उतरावं. मी पुढे वाकलो. "अप्पा, त्या दिवशी तुमची चूक नव्हती. आईनं टाकीत तीर्थ घातलं होतं. पाण्यानं गाडी बंद पडली."

अप्पांनी मान वळवली नाही. "मज ठाऊक आहे," ते म्हणाले. "त्याच दिवशीं नळी काढून वास घेतला मी. म्हणून तर मेकॅनिकास उघडूं दिलं नाहीं."

मग हात वर करून त्यांनी मला गप्प केलं.

"हळूं बोल. मागें बैसलीय ती. तीस कळूं देऊं नको."