काठावरचा साक्षीदार

लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, दोन्हीकडचे ख्रिस्तीच, भांडण झालंच तर जेवणावरून होईल. नवरा कोलशेतचा, पिढीजात कॅथलिक. त्यांच्यात बँडशिवाय नवरी घरातून हलत नाही. आम्ही दिवा स्टेशनजवळच्या एका खोलीत भरणाऱ्या छोट्या प्रार्थनामंडळीतले; आमच्याकडे थंडा पिणं हीच चैन. पण बँड आणि बाटली यांवर अर्ध्या तासात तडजोड झाली. अडलं ते एका कागदावर.

त्यांच्या चर्चच्या फादरना माझ्या बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. आमचे पास्टर वारले होते, मंडळी पांगली होती आणि रजिस्टर नावाची वस्तू कधी होती की नाही, देव जाणे. बाबा गेल्यावर वर्षभराने, मी चार वर्षांची असताना, मोहन्याजवळ उल्हास नदीत आईचा आणि माझा बाप्तिस्मा एकाच सकाळी झाला. मला आठवतं ते फक्त नाकात गेलेलं पाणी.

"दाखला नसेल तर प्रत्यक्ष पाहिलेला माणूस आणा," फादर म्हणाले. "तोही नसेल, तर बाप्तिस्मा पुन्हा घेता येईल."

मला त्यात काही वाटलं नाही. सासूबाईंनाही नाही. "घे ना गो परत, दोन मिनटांचं काम," त्या म्हणाल्या. आईचा चेहरा मात्र उतरला. या बाप्तिस्म्यापायी तिचं सासर तुटलं होतं. बौद्ध घरातली विधवा सून येशूकडे गेली, म्हणून पुन्हा कुणी तिला दारात उभं केलं नव्हतं. "परत घ्यायचा म्हणजे तेव्हाचा खोटा होता का?" एवढंच ती बोलली.

"मग तूच सांग ना, पाहिलंस म्हणून!"

"कसं सांगू? मी डोळे मिटून प्रार्थना करत होते."

मंडळीतल्या दोन बायका शोधून काढल्या. त्यांचेही डोळे मिटलेले. माझं डोकं फिरलं. एवढी माणसं काठावर, आणि एकालाही बघावंसं वाटलं नाही?

"एकाचे उघडे होते," आई म्हणाली. "तुझ्या काकाचे. थांबवायला आलेला. डोळे मिटायच्या आधी मी शेवटचं त्याचंच तोंड पाहिलं. काय रागाने बघत होता!"

मी मोहन्याला गेले. काका जेवत होते. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. त्यांनी ताटातला भात संपवला, हात धुतले आणि विचारलं, "कधी यायचं?"

शनिवारी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून चर्चच्या ऑफिसात हजर. आईशी एक शब्द नाही. फादरनी बायबल पुढे केलं, तर म्हणाले, "मी बौद्ध आहे. यावर हात ठेवणार नाही. पण पंचशील घेतलंय, खोटं बोलत नाही."

फादरनी बायबल बाजूला ठेवलं. "पास्टर काय म्हणाले, आठवतं?"

"पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुझा बाप्तिस्मा करतो." काका एका दमात म्हणाले. "रागात ऐकलेलं, डोक्यातून गेलंच नाही."

ज्या शब्दांसाठी आईने सगळं सोडलं, ते इतकी वर्षं जसेच्या तसे जपून ठेवले होते ते त्या शब्दांचा तिटकारा असलेल्या माणसाने. आमच्या मंडळीत मी चमत्कारांच्या साक्षी ढिगाने ऐकल्यात. त्यातल्या एकीनेही मला असं गप्प केलं नव्हतं.

"पाणी डोक्यावरून गेलं?"

"पूर्ण खाली घातली. तीनदा. मी मोजत होतो."

"मोजत कशाला?"

काकांनी त्या दिवशी पहिल्यांदा आईकडे बघितलं. "भावाची एकुलती एक पोर, वहिनी. चौथ्यांदा खाली नेली असती तर मी उडी मारणार होतो."

फादर लिहिता लिहिता हसले. "चांगले पोहणारे दिसता!"

"नाही," काका म्हणाले. "मला पोहायला येत नाही."