कस्तुराबाईंनी मारलेला खलनायक

भोकरच्या बसस्टँडजवळ श्रीमंतच्या हॉटेलात मिरचीभजी झकास मिळतात. त्या भज्यांपायी आम्ही चार शहाणी माणसं दर वर्षी काही नामवंतांचं मरण ठरवतो.

नाक मुरडण्याआधी ऐकून घ्या. एक जानेवारीला प्रत्येकानं कागदावर दहा प्रसिद्ध माणसांची नावं लिहायची. वर्षअखेर ज्याची जास्त नावं खरी ठरतील, त्याला बाकीच्यांनी पोटभर भजी खाऊ घालायची. सत्तरीच्या आतला माणूस नको, यादी लिहिताना दवाखान्यात असलेला नको आणि आपल्या तालुक्यातला तर मुळीच नको, एवढेच नियम. मी जिल्हा परिषद शाळेचा निवृत्त मास्तर, म्हणून कागद माझ्याकडे असतात. गेली चार वर्षं मीच जिंकतोय, कारण बाकीचे नुसते ठोकून देतात आणि मी अभ्यास करतो. एखाद्याला जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला की मी कान टवकारतो. पुढाऱ्यांनी त्याच्या घरी जाऊन ‘सदिच्छा भेट’ घेतली आणि फोटोत तो बसलेलाच दिसला, की पेन उचलतो. ‘चाहत्यांनी काळजी करू नये’ असं घरच्यांनी सांगितलं, की मग काळजी करायला हरकत नसते.

यंदा माझ्या यादीत पहिलं नाव होतं शामराव हिंगमिरे. मराठी सिनेमातले जुने खलनायक, वय चौऱ्याऐंशी. त्यांना डिसेंबरात जीवनगौरव मिळाला होता.

माझी यादी चारचौघांपलीकडे कधी जात नाही, पण शेजारच्या कस्तुराबाईंपासून काही लपत नाही. बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. नवरा अर्जुनराव जाऊन एकतीस वर्षं झाली. मुलगा व्यंकट नांदेडला नोकरीला, आठवड्यानं येतो. घरात त्या आणि सून वर्षाराणी. अक्षरओळख नाही, पण टीव्ही बघून जगाची खबर ठेवतात. यादी वाचून दाखवा म्हणाल्या. मी ऐटीत वाचली.

“ह्या दहा जणाचं गाव कोणतं, गुरुजी?”

“बहुतेक मुंबई. दोघं पुण्याचे.”

“मंग तिकडं बी चारजण भजे खात आसतील. तुमचं नाव कितव्या लंबरला हाय, इचारलं का?”

मला राग आला. मी प्रसिद्ध नाही, असं मी त्यांना सुनावलं. त्या हसल्या आणि तूर निवडत बसल्या.

हिंगमिऱ्यांचं नाव मात्र त्यांना टोचलं होतं. त्याला कारण होतं. फार वर्षांपूर्वी माहूरच्या किल्ल्यावर एका सिनेमाचं शूटिंग झालं. गावकऱ्यांनी खलनायकाला काठ्यांनी बदडायचं, असा प्रसंग. अर्जुनराव त्या गर्दीत होते. त्यांना खोटं मारणं जमलंच नाही. काठी खरीच बसली आणि हिंगमिऱ्यांची भुवई फुटली. दिग्दर्शक शिव्या देत धावला. हिंगमिरे रक्त पुसत म्हणाले, “त्याची चूक नाही, माझाच पाय पुढे पडला.” दुपारी त्यांनी अर्जुनरावांना शेजारी बसवून जेवू घातलं. तेव्हापासून हिंगमिऱ्यांचा कुठलाही सिनेमा लागला की कस्तुराबाई आधी भुवई बघायच्या. वण दिसला की समाधान. मग तो पडद्यावर कोणाचं घर जाळो नाहीतर कोणाची पोर पळवो.

जुलैत हिंगमिऱ्यांना मुंबईच्या दवाखान्यात नेलं. टीव्हीवर ‘प्रकृती चिंताजनक’ अशी पट्टी फिरू लागली. हॉटेलात सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मी उगाच नम्रपणे चहा पीत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारून हंबरडा ऐकू आला. धावत गेलो. कस्तुराबाई ओट्यावर बसून रडत होत्या. “गेला हो हिंगमिरे! देवमानूस गेला!” अशा रडत होत्या की मलाही ते खरंच वाटलं. वर्षाराणीनं मोबाईलवर ते सगळं टिपलं. माहूरची काठी, फुटलेली भुवई, शेजारचं ताट, सगळं त्यात आलं. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहून तिनं व्हिडिओ टाकून दिला. सासूवर तिचा विश्वास. टीव्ही लावून बघायचं तिला सुचलंच नाही. मला सुचलं, पण मी आधी यादीवर खूण केली. खोटं कशाला बोलू?

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. कुठल्याशा चॅनेलनं शहानिशा न करता बातमी चालवली. हिंगमिऱ्यांच्या दारात हार पोचले. आणि हिंगमिरे तर दवाखान्यात श्वास घेत होते.

तिसऱ्या दिवशी सासूसुनेला पोलिस स्टेशनातून बोलावणं आलं. अंगणवाडी मदतनीस म्हणून वर्षाराणीचं नाव नुकतंच निवड यादीत लागलं होतं, आणि अंगावर केस आली तर ती नेमणूक जाणार, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. मी सोबत गेलो.

फौजदार तनुजा मॅडम उदगीरकडच्या, तिशीच्या आतल्या. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, “आजी, बातमी कुठून कळली तुम्हाला?”

“कुठूनच न्हाई. मीच मनले.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं ते जिवंत आहेत?”

“हाव. म्हणूनच मनले की. मेल्याला कशाला मारू?”

वर्षाराणी तोंडाला पदर लावून बघत राहिली. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला मात्र सगळा उलगडा झाला. आमच्याकडे कावळा डोक्याला शिवला की माणसाच्या जिवाला धोका मानतात. त्यावर तोड अशी की तो माणूस मेल्याची खोटी बातमी जवळच्या नातेवाइकांना धाडायची. त्यांनी मनापासून रडायचं. मरणाला वाटतं, इथलं काम उरकलं, आणि ते पुढच्या दाराला जातं. मग खरं काय ते सांगून टाकायचं. बाईंनी हाच इलाज हिंगमिऱ्यांवर केला होता. फक्त पूर्वी एका पत्रानं एक घर रडायचं, आता फोननं अख्खा महाराष्ट्र रडला.

मॅडमना हे नवीन नव्हतं. “माझ्या आजोबांसाठी पण केलं होतं असं,” त्या म्हणाल्या. “पण आजी, वरून फोन आलाय. त्यांच्या मुलीची तक्रार आहे. बातमी खोटी होती, माफी मागते, एवढं मोबाईलसमोर बोला. ती ऐकली तर मुलगी तक्रार मागे घेईल. सून सुटेल.”

“बोलते. त्यो घरी गेला की बोलते.”

“आज बोलावं लागेल.”

“आज न्हाई जमनार, बाई. आदी त्याला घरी जाऊ द्या. मंग येक सोडून धा डाव बोलते.”

वर्षाराणी रडकुंडीला आली. “आत्या, माझी नोकरी जाईल हो.” बाईंनी तिचा हात धरला, पण तोंड उघडलं नाही. मी मास्तरकी केली. अंधश्रद्धा, विज्ञान, कायदा, सगळं सांगून झालं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझ्या शर्टाच्या खिशातली यादी मलाच जड वाटू लागली.

मग मॅडमनी तक्रारीचा कागद काढून हळूहळू वाचला. मुलीनं लिहिलं होतं की आई घरी एकटी होती. डबा भरून दवाखान्यात निघाली होती. टीव्हीवर बातमी दिसली. शेजारणी पोचेपर्यंत आईनं गळ्यातलं काढून देवापुढे ठेवलं होतं, आणि ती जमिनीवर पडून रडत होती. बाबा आहेत हे तिला पटवायला दोन तास लागले. अजूनही ती मंगळसूत्र घालत नाही. म्हणते, तुम्ही माझी समजूत काढताय.

कस्तुराबाईंच्या हातातला पेला तसाच राहिला.

“खरंच काढलं गळ्यातलं?”

“हो आजी.”

बाईंनी स्वतःच्या मोकळ्या गळ्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “लावा तो मोबाईल.”

मोबाईलसमोर त्या ताठ बसल्या. “हिंगमिरे जित्ता हाय. मी खोटं बोलले. बाई, तुमी गळ्यात घाला ते. हात जोडते, आदी घाला.” एवढंच. वर्षाराणीचं काम झालं. संध्याकाळी मुलीनं तक्रार मागे घेतल्याचं कळलं.

परत येताना ऑटोत वर्षाराणी हसत होती, रडत होती. बाई मात्र मलूल. घरापाशी उतरल्यावर मला म्हणाल्या, “आता आठ दिस बगा, गुरुजी. आठ दिसात त्याचं काई झालं तर माझ्यानं झालं.”

“आठच का?”

मग ओट्यावर बसून त्यांनी ते सांगितलं, जे एकतीस वर्षांत माझ्या कानावर आलं नव्हतं. अर्जुनराव अठ्ठेचाळीसचे होते. शेतातून येताना कावळ्यानं डोक्यावर चोच मारली. घरून धर्माबादला त्यांच्या धाकट्या बहिणीला, अयोध्याबाईंना, मेल्याचं पत्र गेलं, रीतीप्रमाणे कोपरा फाडून. अयोध्याबाई वेशीपासूनच ऊर बडवत आल्या. “तिचं ते रडनं मला बगवलं न्हाई. घरात यिऊन, बसून, पुरतं रडू द्याचं आसतं. मी रस्त्यातच पळत गेले, मनले, हाय गं, तुजा भाऊ हाय. रडनं आर्दंच राहिलं. आठ दिसानं हे बांदावर बसल्या जागी गेले.” त्यांनी डोळे पुसले. “मला बी कळतं, गुरुजी, कावळ्यानं कोण मरत न्हाई. पण तोंड मी उगडलं होतं ना.”

मी घरी जाऊन टीव्ही लावला.

त्या आठ दिवसांत मी कधी नव्हे ते हिंगमिऱ्यांच्या तब्येतीसाठी टीव्हीसमोर बसलो. रोज सकाळी बाई कुंपणापाशी येऊन एकच शब्द विचारायच्या, “हाय?” मी म्हणायचो, “आहेत.” हॉटेलात मित्र माझ्या नावानं भज्यांचा बेत करत होते आणि मला घास जात नव्हता. पाचव्या दिवशी ‘प्रकृती खालावली’ अशी बातमी आली. ती मी बाईंना सांगितली नाही. खोटं बोलायची माझीही सुरुवात तिथंच झाली म्हणायची.

नवव्या दिवशी हिंगमिरे घरी गेले. दारात चाकाच्या खुर्चीत बसून कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले, “सिनेमावाल्यांनी मला दीडशे वेळा मारलं, पण भोकरच्या त्या बाईइतकं मनापासून कोणी रडलं नाही. त्यांच्या मालकांना सांगा, भुवई अजून दुखते.” मागं त्यांची बायको उभी होती. गळ्यात मंगळसूत्र होतं. मी मोबाईल बाईंच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी आधी भुवई बघितली, मग बायकोचा गळा बघितला, आणि खाली बसल्या.

“म्हंजी माझ्या बोलन्यानं नव्हते गेले हे,” त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, “अयोध्येला फोन लावा.”

नणंद-भावजयीचं बोलणं सणावारापुरतं असायचं. अयोध्याबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. कस्तुराबाईंनी सगळं सांगितलं, अगदी रस्त्यात पळत गेल्यापासून हिंगमिऱ्यांपर्यंत.

“वैनी,” अयोध्याबाई म्हणाल्या, “तुमी सांगायच्या आदीच मला ठावं होतं.”

“काय ठावं होतं?”

“दादा हाय म्हणून. पत्र त्यानंच लिवलेलं होतं की. त्याचं अक्षर मला वळखू येनार न्हाई व्हय? मेलेलं मानूस सोताच्या मरनाचं पत्र लिवतंय का कुठं? मी तर वाचून हासले. मंग लोक काय मनतील म्हणून वेशीपासून गळा काढीत आले. डोळ्याला पान्याचा टिपूस नव्हता.” त्यांचा आवाज चिरकला. “आन् आठ दिसानं खरी खबर आली. तवापासून तुमच्या घरी याला पाय उचलत न्हाई, वैनी. मी खरं रडले आसते तर दादा ऱ्हायला आसता का वो? त्या सिनेमावाल्यासाटी लोक खरे रडले, म्हणून त्यो वाचला का?”

कस्तुराबाईंनी माझ्याकडे बघितलं. जमिनीवर पडून रडलेली हिंगमिऱ्यांची बायको आम्हा दोघांनाही आठवत होती. बाई स्वतः ओट्यावर कशा रडल्या, तेही मी पाहिलं होतं.

“याड लागलं का तुला?” त्या फोनवर ओरडल्या. “त्याच्यासाटी कोण रडलंय? खलनायक त्यो! येक मानूस रडलं न्हाई. मी सुदिक कॅमेऱ्यापुरता गळा काढला, तुझ्यावानीच. तरी बसला की उठून.”

“खरंच कोण न्हाई?”

“कोण न्हाई. इचार गुरुजीला. ते खोटं बोलत न्हाईत.”

फोन माझ्यापुढे आला. चाळीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून सांगितलेला माणूस मी.

“कोणीच नाही रडलं, अयोध्याबाई,” मी म्हणालो. “मी इथंच होतो.”

पलीकडून आधी एक हुंदका आला आणि मग अयोध्याबाई रडू लागल्या, मोठ्यानं, थांबत नव्हत्या. मी फोन बंद करायला हात पुढे केला. कस्तुराबाईंनी माझा हात बाजूला सारला.

“ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “भावासाटी रडून राहिली ती. रडू द्या पुरतं.”