व्हर्नाचा डावा हात

व्हर्ना टिल्स्ट्रॉम गाडी चालवायची ती उजव्या सीटवर बसून. स्टिअरिंग डावीकडे, ब्रेक डावीकडे आणि बाई उजवीकडे. डावा हात लांब करून चाक धरायचं, डावा पाय पलीकडे टाकून ब्रेक सांभाळायचा आणि उजव्या खिडकीतून लोकांच्या पेट्यांत टपाल टाकायचं. दोन सीटांच्या मधे तिनं फळी टाकून वर जुन्या रजईची उशी शिवून घेतली होती. आमच्या नॉर्थ डकोटात खेड्यापाड्यांचं टपाल कित्येक जण असंच वाटतात. गाडी ज्याची त्याची, नियम पोस्टाचे. परक्या माणसाच्या छातीत धडकी भरायची, आम्हाला मात्र ती डावीकडे बसलेली दिसली की चुकल्यासारखं वाटायचं. तशी ती फक्त रविवारी बसायची, चर्चला जाताना.

तिचा रूट चौऱ्याऐंशी मैलांचा, पेट्या चारशे अकरा. दोन्ही बाजूंना बीटाची शेतं आणि मधून फुटपट्टीनं ओढल्यासारखा रस्ता. हा रूट आधी तिच्या वडिलांचा होता. तीस वर्षं एकही अपघात न करता गाडी चालवली की पोस्टातल्या माणसाला कोटावर लावायची एक पिन मिळते, अंगठ्याच्या नखाएवढी. वडिलांची पिन व्हर्नाच्या स्वयंपाकघरात, खिडकीशेजारच्या बुचाच्या फळीवर टोचलेली होती. तिच्या शेजारी चार बोटं जागा व्हर्नानं रिकामी ठेवली होती. कॅलेंडर, किराणामालाची यादी, नातवंडांचे फोटो, सगळं दाटीवाटीनं लावलेलं, पण तिथं काही लावायचं नाही. तिला ती पिन हवी होती. बाकी कशाची हाव तिला मी कधी पाहिली नाही. ही हकिगत घडली तेव्हा अपघाताविना एकोणतीस वर्षं आणि चार महिने झाले होते.

मी ऑर्लिन. पोस्टाच्या समोरचं गॅरेज माझं. ही हकिगत सांगताना माझी बाजू काही फार बरी दिसणार नाही, पण जे झालं ते झालं.

दोन वर्षांपूर्वी व्हर्नानं नवी छोटी गाडी घेतली. कंपनीचं नाव घेत नाही. गाडी दिसायला छान, पेट्रोल कमी खाणारी, स्टिअरिंगला मदत करायला विजेची मोटार. गावातल्या बऱ्याच जणांनी तीच घेतली. आमच्याकडे एकानं ट्रॅक्टरचा रंग बदलला तर पुढच्या हंगामात दहा जण बदलतात. माझ्या बायकोनं, आर्डिसनंही तीच घेतली, निळी.

जूनमधे एका उकाड्याच्या दुपारी व्हर्नानं रूटवरल्या सेल्मरची टपालपेटी खांबासकट आडवी केली. माणसाला ओरखडा नाही, गाडीच्या दिव्याला तडा. तिनं स्वतःच पोस्टात जाऊन सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फावडं घेऊन सेल्मरला नवा खांबही रोवून दिला.

"स्टिअरिंग अडकलं," ती पोस्टमास्तर ड्वेनला म्हणाली. "सरळ रस्त्यावर मधोमध चिकटून बसलं. जरा जोर लावला तर एकदम सुटलं आणि गाडी पेटीवर गेली."

ड्वेन वाईट माणूस नाही, पण कागदाशिवाय त्याचं पान हलत नाही. तो म्हणाला, "मेकॅनिकचा दाखला आण. गाडीत दोष असेल तर ठीक. नसेल तर मला 'टाळता आला असता' असं लिहावं लागेल, आणि मग पिनेचं मोजणं पहिल्यापासून."

व्हर्ना तेव्हा त्रेसष्टची होती. पहिल्यापासून म्हणजे कधीच नाही.

गाडी माझ्याकडे आली. वर चढवली, सांधे हलवून पाहिले, टायर पाहिले, कॉम्प्युटर जोडला. मग दोन्ही हातांनी चाक धरून गावातून फिरवली. पोस्ट, शाळा, धान्याची कोठारं, परत गॅरेज. लोण्यासारखी वळत होती. मी दाखला लिहिला: 'दोष आढळला नाही.' खोटं नव्हतं. मला आढळला नव्हता.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण जिभेला हाड नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, गावातले आम्ही रोज जमतो त्या कॉफीच्या टेबलावर मी म्हणालो, "स्टिअरिंगला काही झालेलं नाही रे, स्टिअरिंगवाली जुनी झालीय!" सगळे खो खो हसले. ते वाक्य रूटवर टपालाच्या आधी पोचलं.

व्हर्नानं कंपनीला तक्रार लिहिली आणि सरकारच्या रस्ता-सुरक्षेच्या कचेरीलाही लिहिली. कंपनीचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. ते घेऊन ती गॅरेजात आली.

"वाच."

'आपण वाहन उजव्या आसनावरून चालवत असल्याचे आपणच नमूद केले आहे. हा वाहनाचा अयोग्य वापर असल्याने तक्रारीचा विचार करता येत नाही.'

मी कपाळावर हात मारला. "अगं, हे कशाला लिहिलंस? हात दाखवून अवलक्षण! डावीकडे बसले होते म्हणायचं, तुला बघायला कोण आलं होतं?"

"फॉर्मवर विचारलं होतं, कुठं बसला होता म्हणून."

"म्हणून काय झालं?"

"म्हणून सांगितलं." तिनं पत्र घडी करून पिशवीत टाकलं. "ऑर्लिन, तू गाडी गावात फिरवलीस ना? गावात वळणं आहेत. माझ्या रूटवर चौदा मैल वळण नाही. चल."

"आत्ता?"

"नाही, बर्फ पडल्यावर! उकाड्यात जास्त अडकतं, तोवर चल."

मी गेलो. गावाबाहेर तिनं गाडी थांबवली, स्वतः मागच्या सीटवर टपालाच्या ट्रेंमधे जाऊन बसली आणि मला उजवीकडे बसवलं. अडुसष्टाव्या वर्षी माझा पाय त्या फळीवरून पलीकडे नेताना जे हाल झाले ते सांगण्यासारखे नाहीत. पुढं पेट्या नव्हत्या, नुसता रस्ता. मी डावा हात लांब करून चाकावर बोटं ठेवली. हात एवढा ताणला की जोर असा उरतच नाही.

सात मैल काही नाही. दहा मैल काही नाही. मी टोमणा जुळवत होतो. बाराव्या मैलाला वारा बाजूनं आला, गाडी थोडी डावीकडे सरकली, मी बोटांनी चाक ओढलं आणि ते आलंच नाही. जरा ओढलं, तरी नाही. आणखी ओढलं तर खटकन सुटलं, आणि गाडी रस्त्याकडेच्या चरापाशी जाऊन खडीवर घसरली. मी ब्रेक दाबला. मागं टपालाचा एक ट्रे उलटला.

व्हर्नानं पाकिटं गोळा केली. मग व्हर्ना म्हणाली, "जुनी झालीय का रे?"

लाजेनं कान तापले माझे. चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करणारा माणूस, आणि मला डोळ्यांसमोरचं दिसलं नव्हतं. दोन हातांनी घट्ट धरणाऱ्याला ती अडचण जाणवतच नाही, तो नकळत जोर लावून ओढून नेतो. ताणलेल्या एका हाताला ती लगेच कळते. ज्या बसण्याला कंपनी नावं ठेवत होती, त्या बसण्यामुळंच तिला दोष सापडला होता.

घरी आलो. आर्डिसनं हॉटडिश, म्हणजे आमच्याकडचं ओव्हनमधलं बटाट्या-मटणाचं एकत्र जेवण, पानात वाढलं. मी मोठ्या शोधाच्या थाटात सगळं सांगितलं. ती ऐकत होती.

"माझीही अडकते," ती म्हणाली.

"काय? मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. दोनदा. आईकडे जाऊन आल्यावर एकदा आणि ईस्टरच्या वेळी एकदा. पहिल्यांदा तू म्हणालास रस्ता खराब आहे. दुसऱ्यांदा म्हणालास हवा भर." तिनं माझ्यापुढं मीठ सरकवलं. "मग मी नाही सांगितलं."

तिच्या आईचं गाव चाळीस मैलांवर, आणि दर गुरुवारी ती एकटी जायची.

दुसऱ्या दिवशी मी नवा दाखला लिहून ड्वेनकडे नेला. त्यानं दोन्ही शेजारी ठेवले. "ऑर्लिन, एकात म्हणतोस दोष नाही, एकात म्हणतोस आहे. अक्षर तुझंच. मी कोणतं खरं धरू?"

"दुसरं. पहिलं लिहिताना मी गाढव होतो."

"हे वरच्या कचेरीला असं कसं कळवू?"

त्यानं कळवलं, शक्य तितक्या सभ्य भाषेत. उत्तर आलं: पहिला दाखला अपघाताच्या वेळचा असल्यानं तोच ग्राह्य, आणि प्रकरण बंद. ड्वेननं ते तिला वाचून दाखवलं तेव्हा मी तिथंच होतो. व्हर्ना म्हणाली, "बरं," आणि टपाल लावायला घेतलं. त्या दिवशी तिनं दोन पाकिटं चुकीच्या कप्प्यात टाकली, तीही तिनंच परत काढली.

मग मी कॉफीच्या टेबलावर विषय काढला. ज्या टेबलावर घाण केली तिथंच झाडू मारायला हवा होता. म्हणालो, "ज्यांच्याकडे ती गाडी आहे त्यांनी खरं सांगा, अडकते का?"

सगळे कपात बघायला लागले. आमच्याकडे तक्रार करणं म्हणजे सर्वांसमोर पायमोजे काढण्यासारखं. घराला आग लागली तरी माणूस म्हणेल, जरा गरम झालंय. शेवटी सेल्मर म्हणाला, "थोडी अडकते. पण फार वाईट नाही." मग दुसरा म्हणाला, त्याचीही, पण फार वाईट नाही. त्या सकाळी नऊ गाड्या निघाल्या, आणि सेल्मरची त्यातली एक! व्हर्नानं याची पेटी आडवी केली, तिच्यावर सगळं गाव हसलं, आणि हा गप्प.

"अरे, मग बोलला का नाहीस?" मी ओरडलोच.

"कोणी विचारलं नाही," सेल्मर म्हणाला.

नऊ तक्रारी गेल्या, आर्डिसची दहावी. सगळ्या डावीकडे बसून चालवणाऱ्यांच्या. आणखी कुठून कुठून आल्या असतील, देव जाणे. जानेवारीत कंपनीनं गाड्या परत बोलावल्या, स्टिअरिंगची मोटार फुकट बदलून द्यायला. पत्रं पोस्टानं आली आणि व्हर्नानंच ती वाटली. एकसारखी पाकिटं, वर कंपनीचं नाव. ती एका शब्दानं काही बोलली नाही, कारण लोकांच्या टपालाबद्दल बोलायचं नाही हा नियम आहे. तिची स्वतःची पेटी रूटच्या अगदी शेवटी. आपलं पत्र तिनं तिथं आपल्या हातानं टाकलं, गाडी आवारात लावली आणि मग चालत जाऊन काढून घेतलं. तिच्या शेजारणीनं हे पाहिलं.

त्याच आठवड्यात मी बसून एक कागद लिहिला. 'व्हर्ना टिल्स्ट्रॉम यांच्या गाडीचे स्टिअरिंग सदोष होते. अपघात त्यांच्या चुकीने झाला नाही. मी नीट तपासले नाही. मी चुकलो.' खाली सही, गॅरेजचा शिक्का. तोंडानं सांगायला जमलं नसतं म्हणून पाकिटात घातला, तिकीट लावलं, तिचा पत्ता घातला, आमच्या पेटीत ठेवला आणि आत न्यायचं टपाल आहे हे कळावं म्हणून पेटीचं लाल निशाण वर केलं. व्हर्ना आली, पाकीट उचललं, आपलंच नाव वाचलं, आणि न उघडता ट्रेमधे टाकून पुढं गेली. आधी पोस्टात शिक्का बसणार, मगच वाटप.

तीन दिवसांनी मी पेटीपाशी उभा राहिलो. "मिळालं का?"

"मिळालं. पत्ता तिरका लिहितोस." तिनं माझं टपाल हातात दिलं. "आर्डिसला दाखवलं मी. तिला एक प्रत हवीय."

मी निमूट प्रत काढून दिली. आर्डिसनं ती निळ्या गाडीच्या कप्प्यात ठेवली. अजून आहे.

मार्च संपता संपता व्हर्ना निवृत्त झाली. पोस्टात केक कापला, ड्वेननं भिंतीवरचं घड्याळ दिलं. बंद झालेलं प्रकरण वरच्या कचेरीनं परत उघडलं नव्हतं, आणि पिनेबद्दल कोणी काही बोललं नाही. एप्रिलमधे आम्ही दोघं तिच्याकडे कॉफीला गेलो. बसल्या बसल्या माझं लक्ष त्या बुचाच्या फळीकडे गेलं. मला वाटलं होतं, खरं म्हणजे खात्रीच होती, की माझा कागद तिथं टोचलेला असेल. तिथं वडिलांची पिन होती, आणि शेजारची चार बोटं जागा तशीच.

"माझा कागद कुठाय?" मी विचारलं. आर्डिसनं टेबलाखालून पाय मारला.

"ड्रॉवरमधे आहे, जपून ठेवलाय," व्हर्ना म्हणाली. "चांगला आहे रे कागद, ऑर्लिन. पण ती जागा पिनेची आहे."

मग तिनं डाव्या हातानं किटली उचलली आणि माझा कप भरला.