जोंधळ्याचे छत्तीस दाणे

लग्नानंतरच्या दुसऱ्या पंचमीला मी माहेरी आले तेव्हा दादा घरीच होता. माझा हा थोरला भाऊ गिरणीत काम करायचं म्हणून मुंबईला गेला आणि गलबतावर खलाशी झाला. आखाडा बाळापूरच्या बाजारात हे सांगितलं तर लोक हसायचे. आमच्याकडे कयाधूला पूर आला की माणसं झाडावर चढून बसत, दर्या कुणी पाहिलेला? पावसाळ्यात गलबतं किनाऱ्यावर ओढून नारळीच्या झापांनी झाकून ठेवतात, म्हणून ते चार महिने तो आमच्या वाट्याला यायचा. वडील नव्हते. माय त्याला डोळे भरून बघत बसायची.

त्या साली गलबताच्या मालकाला सगळ्यांच्या आधी मालदीवच्या बेटांवर पोचून काथ्या भरायचा होता. म्हणजे वारा फिरायची वाट न बघता, समोरून येणाऱ्या वाऱ्यात निघायचं. दादा गलबतावर एकटाच लिहिता-वाचता, म्हणून किती दिवस लागतील आणि किती पिंपं पाणी घ्यायचं ते ठरवायचं काम तांडेलानं, म्हणजे खलाशांच्या म्होरक्यानं, त्याच्यावर टाकलेलं. किनाऱ्यावरचं शेवटचं बंदर सोडलं की बेटांपर्यंत गोडं पाणी नाही. माणसं बारा.

सारवलेल्या अंगणात मी रांगोळीनं किनारा काढला, बेटांचे ठिपके दिले. दादानं एका दिवसाला एक असे जोंधळ्याचे दाणे मांडले. नाकासमोर गेलं तर नऊ. पण समोरच्या वाऱ्यात गलबत सरळ जात नाही, डावीकडे तिरपं, मग उजवीकडे तिरपं, असं जावं लागतं. म्हणून दुप्पट. अठरा दाण्यांची नागमोडी ओळ झाली.

तेवढ्यात नाईकबाबा आले. शिवेपलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्याचे ते म्हातारे नाईक, वडिलांचे जुने स्नेही. तरुणपणी त्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलेलं. ओळ बघून ते खाली बसले.

"बराबर हाय," ते म्हणाले. "घाट चढताना बैलबी तिरपाच चढतो. पर मुक्काम कुठं हायेत?"

"कसले मुक्काम, बाबा?"

"रातीचे. दिसभर चाललं की रातीला थांबावं लागतं. थांबलं तरी मानूस पानी पितोच की." आणि त्यांनी कमरेच्या पिशवीतून जोंधळा काढून प्रत्येक दाण्याशेजारी एक दाणा ठेवला. अठराचे छत्तीस झाले.

मी मोठ्यानं हसले. दोन बुकं शिकल्याचा तोरा होता मला. "दर्यात बैल कुठं बांधता बाबा? खुंटा कशात रोवता? गलबत रात्रीही चालतं, दादाला विचारा!" आणि त्यांच्यादेखत मी त्यांचे अठरा दाणे वेचून कोंबड्यांपुढे टाकले. नाईकबाबा चहासुद्धा न घेता उठून गेले.

माय उठली. कणगीतून मोजून छत्तीस दाणे घेतले आणि फडक्यात गाठ मारली. "इतक्या दिसाचं पानी नेशील तरच जा."

"माय, तांडेल हसंल मला. अर्धं गलबत पाण्यानंच भरंल, माल कुठं ठेवायचा?"

"हसू दे. ज्यानं चालत मुलूख पाहिला त्याचं ऐकायचं का हिचं?" तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. दादानं तिच्या पायाला हात लावून कबूल केलं. मला मायचा राग आला, आणि तो राग मी सासरी जाईपर्यंत सांभाळला.

पुढच्या पंचमीला मी आले तेव्हा दादा ओसरीवर बसला होता, काळा पडलेला, गाल बसलेले. मी पाया पडले तशी त्यानं कंबरेची तीच गाठ सोडून माझ्या हातावर ओतली. पाच दाणे.

"रोज सकाळी एक दर्यात टाकायचो," तो म्हणाला. "एकतीस गेले."

दिवसभर तिरपं जाऊन गलबत पुढं जाई, पण रात्री वारा पडला की जेवढं पुढं सरकावं तेवढं पाण्याची ओढ मागं न्यायची. सकाळी तांडेल बघायचा तर जवळजवळ काल संध्याकाळच्याच जागी. गलबत रात्री थांबत नव्हतं, पण थांबल्यासारखंच झालेलं. अठरा दिवसांचंच पाणी घेतलं असतं तर, एवढं म्हणून त्यानं रिकाम्या फडक्याची घडी घातली. मी हिशोब केला, पाण्याविना तेरा दिवस आणि बारा माणसं.

"हे दाने नाईकाला देऊन ये," माय म्हणाली. "तूच जा."

नाईकबाबा तांड्यावर लिंबाखाली दोर वळत होते. मी दाणे पुढं केले आणि सगळं सांगितलं. कोंबड्यांचंही सांगितलं, जणू त्यांनी पाहिलंच नव्हतं. मला रडू आवरेना.

"म्हंजी रातीबी चालतच व्हते?" ते चकित झाले. "मंग झोपत कवा व्हते?" हातातला दोर त्यांनी खाली ठेवला. मग म्हणाले, "आमचा एक मुक्काम चुकला व्हता, लेकी. बापानं एक कमी मोजला. पान्यापर्यंत सगळे पोचले, माझा थोरला भाऊ पोचला न्हाई. तवापासून मी मोजाया बसलो की हात आखडत न्हाई."

पाचही दाणे त्यांनी पागोट्याच्या टोकाला बांधले.

"पेरणार का बाबा?" मी विचारलं.

"न्हाई. तुझा भाऊ पुन्हा जाईल की. तवा छत्तीसाच्या वर हे लागतील."