नोंदणीकृत बेरोजगार

नाशिक जिल्ह्यात बेरोजगार इंजिनिअर पैशाला पासरी होते, पण बेरोजगारीत नाव काढलं ते एकट्या माझ्या आतेभावाने. हे मी कौतुकाने लिहितो आहे असं कुणी समजू नये. आम्ही एकाच वर्षी सिव्हिलची पदवी घेतली, मार्क मला सहा जास्त होते, आणि तेव्हापासून आजतागायत मी त्याच्यावर जळतो आहे.

शहाण्णव साली आमच्यापुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे परवानाधारक इंजिनिअरच्या हाताखाली तीन वर्षं घासायची, अनुभवाचा दाखला मिळवायचा आणि महापालिकेचा परवाना काढून नकाशांवर स्वतःची सही ठोकायची. दुसरी म्हणजे बांधकाम खात्याकडे 'सुशिक्षित बेरोजगार अभियंता' अशी नोंदणी करायची. मग दहा वर्षं खात्याची लहानसहान कामं ठेक्याने मिळत. अट एवढीच, की नोकरी धरायची नाही. आतेभावाने नोंदणीचे दोन अर्ज आणले आणि माझाही भरून ठेवला. मी 'बेरोजगार' हा शब्द वाचला आणि सही केली नाही. माझ्या वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले होते, आता त्यांना काय तोंड दाखवणार! तिकडे चांदवडला आत्याने डोक्याला हात लावला. "इंजिनिअर झाला म्हनून मी गावजेवण घातलं, अन् आता सरकारी शिक्क्यानं बेरोजगार? लोकांना काय सांगू रं?" त्यावर हा शांतपणे म्हणाला, "आई, नुसता बेरोजगार नाय, नोंदणीकृत." आणि नाशकातल्या भाड्याच्या खोलीवर त्याने तशी पाटीच लावली.

अर्ज भरणं हा त्याचा खरा छंद. एखादा रकाना कोरा सोडणं म्हणजे त्याला पानात अन्न टाकल्यासारखं वाटे. जिथे लिहिण्यासारखं काही नसेल, तिथे तो वळणदार अक्षरात 'लागू नाही' असं लिही. शर्टाच्या खिशात कायम आठ पासपोर्ट फोटो, पिशवीत साक्षांकित प्रतींचे तीन संच. एकदा एका कचेरीत आम्ही रांगेत पुढेमागे होतो. एक प्रत कमी म्हणून कारकुनाने माझा अर्ज माझ्याकडेच सरकवला. मग याचा अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, शेजारच्याला हाक मारून दाखवला आणि याच्यासाठी चहा मागवला. मी भर उन्हात झेरॉक्स शोधत पार शालिमार चौकापर्यंत तंगडतोड केली.

लग्नाच्या बाबतीतही तेच. कळवणला मुलगी बघायला गेलो तेव्हा मुलीच्या वडिलांनी पगार विचारला. हा म्हणाला, "पगार नाही. घेतला तर नोंदणी जाते." मी मान खाली घातली, पण आतल्या खोलीतून मुलगी खळखळून हसल्याचं ऐकू आलं, आणि महिनाभरात सुपारी फुटली. माझ्याकडे तेव्हा परवाना होता, स्कूटर होती, आणि सात ठिकाणांहून पत्रिका जुळत नसल्याचा निरोप होता. पुढे त्याने घोटीकडच्या गावरस्त्यांवर ओढ्यांच्या मोऱ्या बांधल्या, तर तिथली माणसं दरवर्षी त्याच्या घरी नवा तांदूळ पाठवायची. माझ्या सहीच्या इमारती गंगापूर रोडवर रांगेने उभ्या आहेत, पण मला कुणी मूठभर पोहेही दिले नाहीत.

मग दहा वर्षं संपली, नोंदणी सरली आणि गडी खरोखरच बेरोजगार झाला. घरात दोन मुली शाळेत जाणाऱ्या. आता परवान्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि परवान्याला अनुभवाचा दाखला हवा होता. स्वतःच्या ठेक्याची कामं त्यात धरत नव्हते. मी उदार होऊन म्हणालो, "तीन वर्षं माझ्याकडे केली असं लिहून देतो. कोण बघतंय?"

"मी वाचणार ना तो कागद," तो म्हणाला.

आणि सोमवारी सकाळी नऊला माझ्या ऑफिसात हजर झाला, तीन वर्षं काम करायला. चारचौघांत मला साहेब म्हणायचा. इतकी वर्षं मनात धरलेलं पदरात पडलं होतं, आणि पहिला आठवडा मी ते अगदी चवीने उपभोगलं. महिन्याभरात येणारे लोक मलाच विचारू लागले, "ते दुसरे साहेब नाहीत का?" मी पुन्हा जळायला मोकळा. पण माझ्या नकाशात खांब चुकला तर तो चारचौघांत बोलत नसे; दुपारी डबा उघडल्यावर हळूच सांगे आणि वर आपल्यातली भाकरी माझ्याकडे सरकवी.

तीन वर्षं भरली त्या दिवशी त्याने दाखला टाईप करून माझ्या टेबलावर ठेवला. मी समास कमी आहे म्हणून परत दिला. मग तारीख आकड्यांत नको, अक्षरांत हवी म्हणालो. तिसऱ्यांदा एका स्वल्पविरामावर बोट ठेवलं. त्याने तिन्ही वेळा निमूटपणे नवा कागद आणला. चौथ्यांदा मात्र तो तिथेच उभा राहिला.

"आता चूक नाय त्यात," तो हळू आवाजात म्हणाला.

"पहिल्यांदाही नव्हती," मी म्हणालो. "सही केली की तू जाशील."

खोटं त्याला लिहिता येत नसे, तसं बोलताही येत नसे. "हो, जाईन," तो म्हणाला.

मी सही केली. शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलं. मी दुसरा कागद मागितला. त्याने दाखला उचलून बराच वेळ पाहिला आणि घडी न घालता पिशवीत ठेवला.

"राहू दे," तो म्हणाला. "चालेल."