दोघींनी दोघींना सांगावं

वच्छलाबाई तलमडुगूहून आदिलाबादला मुलाकडे राहायला आल्या, तेव्हा सगळं सामान आलं, फक्त त्यांचा मान गावातच राहिला. तिथे कुणाकडे शेवया करायच्या असोत की बाळंतिणीला न्हाऊ घालायचं असो, आधी त्यांना विचारणं व्हायचं. इथे कॉलनीत वर्ष होत आलं, तरी समोरची स्वरूपा त्यांना ‘मयूरीच्या अत्तगारू’, म्हणजे मयूरीची सासू, एवढंच ओळखत होती. ज्या सुनेला आपण माप ओलांडायला लावून घरात घेतलं, तिच्या नावावर आपण खपतोय, हे त्यांना घासातल्या खड्यासारखं लागायचं.

म्हणून संक्रांतीला त्यांनी दणक्यात वाण लुटायचं ठरवलं. झाकणाच्या चाळीस स्टीलच्या डब्या आणल्या. तिळाचे लाडू स्वतः वळले. प्रश्न उरला बोलावण्याचा. मयूरी म्हणाली, कॉलनीच्या ग्रुपवर टाकते. वच्छलाबाईंनी तिच्याकडे अशी नजर टाकली, की तिनं फोन पर्समध्ये ठेवला. बोलावणं दारात जाऊन, कपाळाला कुंकू लावूनच करायचं असतं. पण दारोदार हिंडायला त्यांचे गुडघे तयार नव्हते. मग त्यांनी गावाकडची रीत काढली. आपण दोघींना कुंकू लावून सांगायचं. त्यांनी प्रत्येकी आणखी दोघींना लावायचं, आणि त्या दोघींनाही तसंच बजावायचं.

मयूरी एका शाळेत दहावीला गणित शिकवते. योगायोगानं त्या आठवड्यात ती पोरांशी घातांकी वाढीवरच डोकं फोडत होती. तिनं गव्हाचं ताट ओढलं आणि दाणे मांडत गेली. दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. पाचव्या फेरीला एकूण बासष्ट बायका झाल्या, आणि सहाव्या एकाच फेरीत आणखी चौसष्ट. “आई, कुठं थांबायचं ते तरी सांगा त्यांना.”

वच्छलाबाईंनी दाणे गोळा करून पुन्हा निवडायला घेतले. “तुह्या पुस्तकातल्या बायायले घरी कामं नसतीन. तलमडुगूत तीस वर्सं आमी असंच बोलावलं. कवा वीस-बावीसच्या वर बाई आली नाई.”

यात खोटं काहीच नव्हतं. फक्त त्या आळीत घरंच बावीस होती. चौथ्या फेरीला बोलावणं घेऊन जावं, तर दारातली बाई आपलं कपाळ दाखवून म्हणायची, मले कवाच सांगितलं. बोलावणं आपोआप विझायचं. आदिलाबादच्या कॉलनीला मात्र शेवटचं घरच नाही. एक नगर संपायच्या आत दुसऱ्याची कमान लागते.

त्यांनी स्वरूपाला आणि कोपऱ्यावरच्या उत्कर्षाला सांगितलं. स्वरूपानं आपल्या तेलुगू मैत्रिणींना पेरंटम आहे म्हणून कळवलं, उत्कर्षानं मराठी बायकांना हळदीकुंकू म्हणून. तिसऱ्या गल्लीत पोचेस्तोवर डबीचा डबा झाला होता, आणि बसस्टँडच्या बाजूला तर पाच डब्यांचा संच वाटणार असल्याची बातमी होती. असं बोलावणं कोण विसरणार?

पाच वाजता पहिल्या आठजणी आल्या. वच्छलाबाईंनी प्रत्येकीला नाव-गाव विचारलं, आपलं सांगितलं, गुलाबपाणी शिंपडलं. सहापर्यंत अंगणात चपलांवर चपला चढल्या. त्यांचे यजमान चंपतराव आतल्या खोलीत झोपले होते ते तिथेच अडकले. बायकांतून बाहेर कसं यायचं, म्हणून त्यांनी खिडकीतून शेजाऱ्याकडे चहा मागितला. शेवटच्या बारा डब्या उरल्या तेव्हा वच्छलाबाई फाटकापर्यंत गेल्या. रांग पार विजेच्या रोहित्रापर्यंत गेली होती, आणि सगळ्याच अनोळखी. मुलाला, भूषणला, बाजारात पिटाळलं, तर तो फोनवर म्हणाला की तसल्या डब्या संपल्यात.

पहिल्याच वाणाला सवाशीण रिकाम्या हातानं परत गेली, तर या गावात पुन्हा तोंड दाखवायला नको. वच्छलाबाईंनी पदर खोचला, डबी उघडली, झाकण एकीच्या ओटीत घातलं आणि डबी दुसरीच्या. बारांच्या चोवीस झाल्या. त्याही सरल्या. मग लाडू निघाले. अख्खा, मग अर्धा, मग पाव. पुढे त्या नखानं तुकडा मोडू लागल्या.

मयूरी मागे कुंकवाचा करंडा धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, “आई, असं निम्मं-निम्मं करत गेलं तर लहान होत जाते, पण गणितात ते कवाच संपत नाई.”

“मंग काऊन भेवून राह्यली? दे कुंकू.”

शेवटच्या बाईला चारच तीळ मिळाले, पण मिळाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. हातात झाकण घेऊन एक बाई उभी होती. तिची डबी कुणाकडे गेली, विचारत होती. तिच्यामागून दुसरी आली, उघडी डबी घेऊन. मग आणखी. वच्छलाबाई ओसरीवर खुर्ची टाकून बसल्या आणि ही हिच्याशी, ती तिच्याशी अशी गाठ घालू लागल्या. वाद झाले, हसणं झालं, दोनदा दूध आणावं लागलं. एकीनं जाता जाता शेवया कधी करायच्या ते विचारलं.

रात्री भांडी घासताना मयूरीनं विनवलं, की पुढल्या वर्षी दोघींना सांगण्याचं नाव नको. वच्छलाबाईंनी मानलं. एकीनं एकीलाच सांगायचं.

मयूरीनं हिशेब केला आणि घासायचं थांबवलं. “तेही थांबत नाई, आई. गर्दी होणार नाई, पण रोज एक बाई येत राहीन. वर्सभर.”

वच्छलाबाईंनी चहाचं पातेलं पुसून ठेवलं. मग म्हणाल्या, “रोज एकीचा चा त होते न माह्याच्यानं.”