मागं काय भरलंय?

टीव्हीवर गाडी उडाली की मामा उजवा हात वर करायचे, चौकातला पोलीस करतो तसा. आणि विचारायचे, "थांबा की जरा. मागं काय भरलंय?"

ती जाहिरात तुम्हीही पाहिली असेल; ती नाही तर तिच्यासारखी दुसरी. एक पिकअप कड्यावरून झेप घेते, खाली नदी, वर घिरट्या घालणारा गरुड, आणि पलीकडच्या कड्यावर ती धुरळा उडवत उतरते. मग तीच गाडी रेल्वेचं इंजिन ओढते. मग पायऱ्या चढून किल्ल्यावर जाते. शेवटी ड्रायव्हर गॉगल काढून आपल्याकडे बघतो. होटगी रोडवरच्या आमच्या शोरूममध्ये ही जाहिरात दिवसभर चालू असे. माझं टेबल टीव्हीच्या खालीच होतं, त्यामुळे मला ती दिसायची नाही, नुसती ऐकू यायची. बघायचे ते.

त्यांची स्वतःची पिकअप जुनी होती. सर्व्हिसिंगला आणली की काम होईपर्यंत ते आत, एसीच्या गारव्यात येऊन बसायचे. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, डोक्याला टोपी, खांद्यावर सुती दोरीचं एक वेटोळं. ते दोरी गाडीत ठेवत नसत. "दोरी चांगली असली की मानूस उचलतंय," म्हणायचे. सोलापुरातली बिऱ्हाडं एका घरातून दुसऱ्या घरात हलवणं हा त्यांचा धंदा. बदलीवर निघालेले मास्तर, भाडं वाढलं म्हणून घर सोडणारे, नवी नवरा-नवरी, वाटण्या झालेले भाऊ, सगळ्यांचं सामान त्यांनी वाहिलेलं. आम्ही त्यांना मामा म्हणत असू.

"हौदा रिकामा हाय, म्याडम," ते पडद्याकडे बोट दाखवून म्हणायचे. "कपाट न्हाय, आरसा न्हाय, लोनच्याची बरनी न्हाय. मग उडंल की! त्यात काय?"

एकदा त्यांनी मला विचारलं, "ते खाली बारीक अक्षरात काय लिव्हलंय?" मी खुर्चीवरून उठून, मान वर करून पहिल्यांदाच ती ओळ वाचली. सदर कसरती तज्ज्ञ चालकांनी केल्या आहेत, कृपया अनुकरण करू नये. मी वाचून दाखवली. त्यांनी थोडा विचार केला.

"करू नगा म्हनतेत?"

"हो."

"मग दावतेत कशाला?"

शोरूममधले सगळे हसले. मीही हसले. त्यांनी मात्र खरंच विचारलं होतं.

पुढच्या खेपेला एक कुटुंब गाडी घ्यायला आलं होतं. अक्कलकोटकडचा तरुण शेतकरी, त्याची बायको आणि वडील. जाहिरात बघून त्या तरुणाचे डोळे चमकले. आमच्या गावच्या ओढ्यातून पावसाळ्यात अशी जाईल का, असं त्यानं मला विचारलं. मी विक्रीच्या खुर्चीवर बसणारं कुणीही बोलेल तेच बोलले. "दणकट गाडी आहे सर, काळजीच नको."

मामा मागच्या सोफ्यावर होते. ते म्हणाले, "पानी वाहत असलं की गाडी दनकट असून काय व्हतंय? पानी गाडीचं नाव वाचत न्हाय." आणि मग त्यांनी त्या मुलाला शेजारी बसवून घेतलं, तो काय वाहणार ते विचारलं, स्प्रिंगचे पाटे कसे बघायचे, वजन पुढं किती आणि मागं किती ठेवायचं ते सांगितलं. वडील मान डोलावत ऐकत होते. अर्ध्या तासानं ते तिघं उठले आणि "विचार करून येतो" म्हणून निघून गेले.

मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं. "त्या म्हाताऱ्याला वर्कशॉपकडं बसायला सांगा. आणि तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतील."

मी सांगितलं. शब्द शक्य तितके गोड केले. आत गर्दी असते, मामा, तिकडं तुम्हाला मोकळं वाटेल. त्यांना सगळं कळलं.

"व्हय, बराबर हाय," ते म्हणाले. "तुमचा धंदा हाय." हातातलं पाणी त्यांनी संपवलं, ग्लास जागेवर ठेवला, दोरी खांद्यावर टाकली आणि बाहेर गेले. त्या दिवसापासून ते वर्कशॉपच्या कडुलिंबाखाली एका जुन्या टायरवर बसू लागले. काचेतून मला त्यांची पाठ दिसायची. मी खुर्चीची दिशा थोडी बदलून घेतली.

वर्षभरानं माझंच बिऱ्हाड हलवायची वेळ आली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि आता ते संपलं होतं. भांडण नव्हतं, मारहाण नव्हती; दोन माणसं एका घरात एकमेकांना वाट देत वावरत होती, एवढंच. मी जुळे सोलापुरात एक खोली घेतली. माहेरी अजून कळवलं नव्हतं. सामान न्यायला कुणाला सांगावं हा प्रश्न पडला, कारण ज्याला सांगेन तो विचारणार. तेव्हा मला मामा आठवले.

रविवारी सकाळी ते आले. माझा नवरा मुद्दाम बाहेर गेला होता. मामांनी घरावर एक नजर टाकली. भिंतीवर दोघांचा फोटो होता, दाराशी दोघांच्या चपला ठेवायची मांडणी होती. त्यांनी एवढंच विचारलं, "ह्यातलं कुठलं न्यायचं आन कुठलं ऱ्हायचं, तेवढं बोटानं दावा."

मी बोट दाखवत गेले. आईनं दिलेलं आरशाचं कपाट, गॅस, गादी, पुस्तकांची दोन खोकी, शिलाई मशीन. बोट दाखवताना मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. त्यांनी आणलेल्या एका माणसाला हाताशी घेऊन ते इतक्या मन लावून बांधत होते की मीही ते बघण्यात गुंतले. कपाट उभं, गादी आरशाला टेकवून, मध्ये गोधडी, वरून दोरी. प्रत्येक गाठ ओढून बघितली की ते गाठीवर हलकी थाप मारायचे.

"तुमी पुढं बसा," ते म्हणाले. हमाल मागं चढला.

केबिनचं दार उघडलं तर शेजारच्या सीटवर निळ्या फुलांची उशी होती. मी ती उचलून बाजूला ठेवायला गेले. "बसा तिच्यावरच," ते म्हणाले. "ती मंडळींची हाय. दोन वर्सं झाली, कुनी बसलं न्हाय."

गाडी इतकी हळू चालली होती की सायकली पुढं जात होत्या. प्रत्येक गतिरोधकाला ते जवळजवळ थांबायचे. विजापूर रोडला लागल्यावर ते आपण होऊन बोलायला लागले.

त्यांना मूलबाळ नव्हतं. बायको दर खेपेला बरोबर यायची. लोकांच्या सामानात जे फुटण्यासारखं असेल ते ती मांडीवर घेऊन बसायची. देवांच्या तसबिरी, बरण्या, टीव्ही लहान होते तेव्हा टीव्हीसुद्धा. "बायका तिच्याकडं बघून सामान द्यायच्या," ते म्हणाले. "माझ्याकडं बघून न्हाय."

एक गतिरोधक आला, त्यांनी गाडी अलगद वरून नेली.

"मी बी उडवलीवती एकदा," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"गाडी वो. पहिली नवी घेतली तवा. तवा बी जाहिरात होती, गाडी बांधावरनं उडत जायाची. चाळिशीला आलोतो, अक्कल पायजे होती. बार्शीला एका मास्तरांचं बिऱ्हाड घिऊन चाललोतो. तिच्या मांडीवर मास्तरीन बाईंचा आरसा, गोधडीत गुंडाळलेला. रस्त्याला पुलाच्या अलीकडं एक उंचवटा हाय. म्हनलं, बघ, आपली गाडी कशी उडती. आन दाबला पाय."

"मग?"

"उडली की. असंल वीतभर. हवेत होती तवर हसली ती. लई हसली." त्यांनी गिअर बदलला. "खाली आलो तर आरसा गोधडीतनं तिच्या हातात घुसलावता."

बार्शीच्या दवाखान्यात टाके पडले. उजव्या हाताची दोन बोटं नंतर कधी वळली नाहीत. सामान उतरवताना तिनं मास्तरीणबाईंना सांगितलं, माझ्याच हातातून सुटला. हे त्यांच्यासमोर सांगितलं, आणि ते गप्प राहिले.

"भाकरी थापताना ती दोन बोटं अशी वरच ऱ्हायची," त्यांनी स्टिअरिंगवरून हात उचलून मला दाखवलं आणि लगेच परत ठेवला. "इतकी वर्सं रोज बघितली मी. एका शब्दानं बोलली न्हाय ती. एकदा तरी बोलायला पायजे होतं की न्हाय? सांगा तुमीच. बोलली असती तर मी बी काय तरी बोललो असतो."

मी काय सांगणार? मीही नऊ वर्षं एका घरात न बोलता काढून निघाले होते.

खोलीत सामान लावून झाल्यावर ते निघाले, दारापर्यंत गेले आणि परत आले. "पोरी," ते म्हणाले. तोपर्यंत मी म्याडम होते. "आरशाचं कपाट खिडकीच्या समोर ठेवलंय मी. एकटं मानूस असलं की खोलीत उजेड दोनदा पायजे."

दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन मी मॅनेजरला सांगितलं की मामा आले तर आतच बसतील. त्यानं खांदे उडवले. तो वाईट नव्हता, त्यालाही वरून विचारणारे होते. पुढच्या सर्व्हिसिंगला मी स्वतः लिंबाखाली गेले. "मामा, आत चला."

"नको. हितं वारं हाय."

"मी चुकले मामा."

"चुकीचं काय त्यात? हितं खरंच वारं हाय."

ते पुन्हा कधी आत आले नाहीत. मी पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर जायची, ते टायरवरची अर्धी जागा मला करून द्यायचे. एवढंच मला करता आलं. तुम्ही कुणाला एकदा उठवलं असेल, तर तुम्हाला ठाऊक असेल, परत बसवणं आपल्या हातात राहत नाही.

मग एका दुपारी ते सर्व्हिसिंगची वेळ नसताना आले. गाडी वर्कशॉपच्या फाटकाबाहेरच उभी केली आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवायला कुणाकरवी तरी आत पाठवली. मी धावत बाहेर गेले. काय झालं ते त्यांनी सांगितलं. सात रस्त्याच्या चौकात डाव्या बाजूनं एक बाई स्कूटीवरून येत होती. ती त्यांना दिसलीच नव्हती. तिनं ब्रेक मारला म्हणून वाचली. स्कूटीवर तिच्या पुढं लहान मूल उभं होतं.

"डाव्या अंगाला नुसतं धुकं हाय," ते म्हणाले. "लई दिस झालं. मी म्हनत होतो, चष्म्याचं आसंल."

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर येणार नव्हती. थोडे दिवस हळू चालवा, फक्त दिवसा चालवा, असं वर्कशॉपमधला एक जण म्हणाला, तर त्याच्यावर ते पहिल्यांदाच चिडलेले मी पाहिले. "दिसंना म्हनतोय न्हवं? मग?" गाडी विकायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं. मी ती एका फुलवाल्याला दिली. न्यायच्या दिवशी ते आले नाहीत.

त्यांचा पुतण्या केम गावाला राहायचा, स्टेशनजवळ शेतात घर. तो त्यांना घेऊन गेला. जाताना त्यांचं स्वतःचं बिऱ्हाड मी बघितलं. एक ट्रंक, एक पिशवी आणि निळ्या फुलांची उशी. ते एसटीनं गेले. टपावर टाकण्याइतकंही सामान नव्हतं.

त्यानंतर दर रविवारी दुपारी एक-दीडच्या सुमारास त्यांचा फोन यायचा. कुणाला तरी नंबर लावून द्यायला सांगत असणार, कारण सुरुवातीला एखादं पोर "लागला, लागला" म्हणून ओरडायचं.

"गाड्या खपत्यात का?"

"खपतात, मामा."

"आन जाहिरात?"

"नवी आलीय. आता गाडी बर्फावरून घसरत जाते."

पलीकडं एक शेळी ओरडली. मग, "सोलापुरात?"

मी इतकी हसले की शेजारची बाई डोकावून गेली. त्या खोलीत मी एवढ्यानं हसल्याचं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

त्यांना फोनवर बोलायला फारसं काही नसे. जेवलीस का विचारायचे, मी जेवले नसले तरी जेवले म्हणायची, मी विचारायची, ते व्हय म्हणायचे. मग ठेवतो म्हणून ठेवायचेच नाहीत. पलीकडून शेळ्यांचा आवाज यायचा, कधी मालगाडी जायची. मी फोन कानाला लावून भांडी आवरायची. दीड वर्ष असं चाललं.

एका रविवारी फोन आला नाही. मी केला तर कुणी उचलला नाही. बुधवारी पुतण्याचा आला. झोपेतच गेले, शनिवारी पहाटे. कुणाकुणाला कळवायचं ते कळत नव्हतं, फोनमध्ये तीनच नंबर होते, असं तो म्हणाला.

दहाव्याला मी केमला गेले. पुतण्याच्या बायकोनं चहा दिला, समोर बसली आणि विचारलं, "तुमी त्यांच्या कोन?"

"मी सोलापूरला गाड्यांच्या शोरूममध्ये कामाला आहे," मी म्हणाले.

ती पुढचं ऐकायला थांबली. मी कप खाली ठेवला. तिनं कपात आणखी थोडा चहा ओतला. परतीची गाडी उशिरा आली, खिडकीशी जागा मिळाली.

रविवारी दुपारी मी अजूनही दीड वाजेपर्यंत जेवायला बसत नाही. फोन वाजला तर हात खरकटा नको, म्हणून.